आयर्लंडची दोन गाणी

आयर्लंडच्या राज्यघटनेत राष्ट्रगीत नाही. 1937 सालच्या या घटनेच्या सातव्या कलमात झेंडा आहे, हिरवा, पांढरा आणि नारिंगी. आठव्या कलमात भाषा आहे. पण देशाने कोणतं गाणं म्हणायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. ब्रीदवाक्यही नाही. आपल्या नोटांवर, नाण्यांवर, पासपोर्टवर 'सत्यमेव जयते' असतं. तसं अधिकृत वाक्य आयरिश सरकारने आजवर निवडलेलं नाही. सरकारी मुद्रेवर हार्प हे जुनं तंतुवाद्य आहे, शब्द एकही नाही. (तेही कुठल्या बाजूला तोंड करून काढायचं हे बघावं लागतं, कारण एका बाजूला तोंड असलेली हार्प गिनेस या बिअर कंपनीने 1876 सालीच आपल्या नावावर नोंदवून ठेवली होती.)

शेकडो वर्षं परक्या सत्तेशी भांडून स्वतंत्र झालेल्या देशाबद्दल हे ऐकून आश्चर्य वाटतं. गाणं आणि घोषवाक्य ही तर स्वातंत्र्यलढ्याची पहिली हत्यारं. ती हातात असूनही या देशाने कायद्यात पक्की का केली नाहीत? माझं मत असं, की या अर्धवटपणानेच आयर्लंडला बऱ्याच वेळा वाचवलं आहे. तो कुणी ठरवून केलेला शहाणपणा नाही, बराचसा नाइलाजाने आलेला आहे. पण नाइलाजाने आलेलं शहाणपणही शहाणपणच असतं.

आधी ब्रीदवाक्यांचं बघू. 'एरिन गो ब्रा', म्हणजे 'आयर्लंड कायम राहो', हे वाक्य जगभरच्या आयरिश माणसांच्या तोंडी आहे. 1840 च्या दशकात अमेरिकेने मेक्सिकोवर स्वारी केली, तेव्हा अमेरिकन सैन्यातले काही आयरिश शिपाई फुटून मेक्सिकोच्या बाजूने लढले. त्यांच्या हिरव्या निशाणावर हेच वाक्य होतं. पकडले गेल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना 1847 मध्ये फाशी झाली. म्हणजे हे बंडखोरांचं वाक्य. पण 1892 साली बेलफास्टमध्ये युनियनिस्टांची, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांची, मोठी परिषद भरली, तेव्हा तिथेही 'एरिन गो ब्रा' लावलेलं होतं. आम्ही ब्रिटिश राहणार, आणि आयरिशही आहोत, असं त्या लोकांना म्हणायचं होतं. ते वाक्य त्यांनी पुढे सोडलं, की त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं, यावर वाद घालता येईल. माझ्या मते दोन्ही झालं.

दुसरं वाक्य लॅटिन आहे, 'क्विस सेपराबिट', 'कोण वेगळं करील?'. मूळ बायबलमधलं. 1783 साली ब्रिटिश राजाने आयर्लंडसाठी सेंट पॅट्रिकच्या नावाने मानकऱ्यांचा एक वर्ग सुरू केला, त्याचं हे ब्रीद. पुढे ते आयरिश पलटणींच्या बिल्ल्यावर आलं, आणि अगदी अलीकडे उत्तर आयर्लंडमधल्या युडीए या लॉयलिस्ट सशस्त्र संघटनेनेही तेच उचललं. कनॉट रेंजर्स या पलटणीचंही ब्रीद हेच होतं. आणि ही पलटण 1920 साली आपल्याकडे होती, पंजाबात जालंधरला. मायदेशात ब्रिटिश फौजा काय करताहेत याच्या बातम्या आल्या, तेव्हा जूनच्या अखेरीस तिथल्या शिपायांनी हत्यारं खाली ठेवली. बराकीवर आयरिश तिरंगा लावला, बंडाची गाणी म्हटली. लोण सोलनच्या तळापर्यंत गेलं. तिथे शस्त्रागारावर चाल करून जाताना दोघे मारले गेले, आणि जेम्स डेली या तरुण शिपायाला 2 नोव्हेंबर 1920 रोजी डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. अंगावर गणवेश राजाचा, पलटणीचं ब्रीद 'कोण वेगळं करील?', आणि डोक्यावर फडकतोय तो दुसराच झेंडा. दोन वर्षांत आयर्लंड वेगळा झाला आणि ती पलटणच मोडली.

एकच वाक्य कुणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणून ब्रीदवाक्यावरून माणसाची निष्ठा ओळखायला निघालेल्यांचा मला नेहमीच संशय येतो.

आता गाण्याकडे. आज आयर्लंडचं राष्ट्रगीत म्हणून वाजतं ते 'अवरान ना व्हीअन', अर्थ साधारण 'सैनिकांचं गाणं'. शब्द पॅडर कर्नीचे. हा डब्लिनचा, घरांना रंग देण्याचं काम करणारा माणूस. नाटककार ब्रेंडन बीहन याचा मामा. चाल त्याचा मित्र पॅट्रिक हीनी याची. हीनी 1911 मध्ये गरिबीतच गेला, आपलं गाणं देशाचं झालेलं त्याला बघायला मिळालं नाही. 1912 साली ते पहिल्यांदा छापून आलं, 1916 च्या ईस्टर उठावात बंडखोरांनी म्हटलं, आणि पुढे ब्रिटिशांच्या छावण्यांत डांबलेल्या कैद्यांनी ते घरोघर पोचवलं.

गंमत अशी, की हे गाणं मुळात इंग्रजीत लिहिलेलं आहे. इंग्रजांविरुद्धचं गाणं, इंग्रजांच्याच भाषेत! लिअम ओ रिन याने त्याचं आयरिश भाषांतर केलं आणि हळूहळू लोकांनी मूळ इंग्रजी सोडून भाषांतरच म्हणायला सुरुवात केली. आज बहुतेकांना इंग्रजी शब्द आठवतही नाहीत. आणि आयरिश शब्द पाठ असले, तरी किती जणांना नीट कळतात? 2022 च्या जनगणनेत शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे 72 हजार निघाले, पन्नास लाखांच्या देशात. स्टेडियममध्ये हजारो लोक आपल्याच भाषेतलं, पण आपल्याला पूर्ण न कळणारं गाणं डोळ्यांत पाणी आणून म्हणतात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आपल्यातले किती जण नमाजातल्या अरबीचा शब्दन् शब्द अर्थ सांगू शकतील? न कळताही एखादी गोष्ट आपली असू शकते. उलट, शब्द पूर्ण कळूनही एखादी गोष्ट आपली वाटत नाही, असंही होतं.

आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंटांचं नेमकं तेच झालं. गाण्यात बंदुका आणि तोफा आहेत, शत्रूवर चालून जाणं आहे, आणि तो शत्रू म्हणजे त्यांचा राजा, त्यांच्या घरातली पलटणीत गेलेली मुलं. 1922 साली नवं राज्य झालं तेव्हा नेत्यांनाही हे कळत होतं. काही काळ अधिकृत गाणंच नव्हतं. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला टॉमस मूरचं एक जुनं, सौम्य गाणं वापरलं गेलं. 1926 मध्ये सरकारने गाजावाजा न करता 'सैनिकांच्या गाण्या'ची धून ठरवली, कारण लोकांनी ती आधीच ठरवलेली होती. कायदा मात्र केला नाही.

खरं तर या लढ्याची आधीची गाणी अशी एका धर्माच्या मालकीची नव्हती. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रवाद्यांचं सगळ्यात लाडकं गाणं लिहिणारा टॉमस डेव्हिस प्रोटेस्टंट होता. आणि झेंडा? 1848 साली थॉमस फ्रान्सिस मार याने वॉटरफर्डमध्ये तिरंगा लोकांसमोर आणला तेव्हा त्याने त्याचा अर्थ सांगून ठेवला होता. हिरवा कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा, आणि मधला पांढरा त्या दोघांमधल्या तहाचा. मधल्या पट्टीबद्दल पुढे फारसं कुणी बोललं नाही. 1921 मध्ये फाळणी झाली, उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. फाळणीने गाण्यांचं काय होतं हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

पण एक जागा फाळणीतून वाचली. रग्बी. आयर्लंडचा रग्बी संघ फाळणीनंतरही एकच राहिला, उत्तर आणि दक्षिण मिळून. त्यात बेलफास्टचे प्रोटेस्टंट खेळाडू, ज्यांचं राष्ट्रगीत 'गॉड सेव्ह द क्वीन', डब्लिनमध्ये सामन्याआधी 'अवरान ना व्हीअन'ला ताठ उभे राहत. गात नसत, उभे राहत. अनेक वर्षं हे असं चाललं.

मग एप्रिल 1987 उजाडला. आयआरएने सीमेजवळ रस्त्यात बॉम्ब लावून एका न्यायाधीशाला आणि त्यांच्या पत्नीला मारलं. त्याच रस्त्याने समोरून अल्स्टरचे तीन रग्बीपटू आयर्लंडच्या सरावासाठी डब्लिनला निघाले होते, तेही जखमी झाले. त्यातल्या नायजेल कारचं खेळणं तिथेच संपलं. महिन्याभराने पहिला विश्वचषक न्यूझीलंडमध्ये होता. आता उत्तरेतल्या खेळाडूंना कुठल्या तोंडाने सैनिकांच्या गाण्याला उभं करायचं? वेल्सविरुद्धच्या सामन्याआधी आयर्लंडसाठी 'द रोज ऑफ ट्रॅली' हे प्रेमगीत वाजवलं गेलं, तेही टेपवर. लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली. देशाच्या संघाला लग्नाच्या बँडसारखं गाणं! पण त्या टिंगलीमागची अडचण खरी होती.

1995 च्या विश्वचषकासाठी रग्बी मंडळाने डेरीच्या फिल कुल्टरकडून नवं गाणं लिहून घेतलं, 'आयर्लंड्स कॉल'. त्यात बेटाचे चारही प्रांत आहेत, खांद्याला खांदा आहे, शत्रू नाही, बंदूक नाही, धर्म नाही. भाषा इंग्रजी. तेव्हापासून डब्लिनमध्ये सामना असला की दोन्ही गाणी वाजतात. परदेशात असला की फक्त 'आयर्लंड्स कॉल'. हॉकी आणि क्रिकेटच्या संघांनीही ते घेतलं. 2007 च्या सेंट पॅट्रिक दिनाला जमैकात पाकिस्तानला आणि 2011 मध्ये बंगळूरला इंग्लंडला हरवणारा आयर्लंडचा क्रिकेट संघही असाच दोन्हीकडचा मिळून एक.

या गाण्याला आयर्लंडमध्ये शत्रू भरपूर. कुणाला ते जाहिरातीच्या जिंगलसारखं वाटतं, कुणाला त्यात इतिहासच नाही म्हणून राग, कुणाचं म्हणणं, आपल्याच राजधानीत आपलं राष्ट्रगीत पुरेसं का नाही? गाणं म्हणून बघितलं तर टीका बरीचशी बरोबर आहे. कविता म्हणून ते फिकं आहे. पण मी या फिकेपणाच्या बाजूचा आहे. ज्या टेबलावर पाचजण जेवायला बसतात आणि एकाला तिखट सोसत नाही, तिथे एक भाजी अळणी ठेवावी लागते. आणि महत्त्वाचं म्हणजे, रग्बी मंडळाने झणझणीत भाजी फेकून दिली नाही. तीही टेबलावर आहे. जुन्या गाण्यातला शब्द बदलला नाही, नव्या गाण्याची सक्ती केली नाही, न गाणाऱ्याच्या ओठांकडे कॅमेरा लावून देशद्रोही शोधले नाहीत.

उलट काय होतं तेही त्याच बेटावर दिसतं. फुटबॉलमध्ये दोन संघ आहेत आणि उत्तरेच्या संघाचं गाणं 'गॉड सेव्ह द किंग'. डेरीच्या कॅथलिक वस्तीत वाढलेल्या पोराला त्याच्या घराजवळच्या संघाकडून खेळायचं असेल तर आधी त्या गाण्यासमोर उभं राहावं लागतं. काहीजण उभे राहतात, काही थेट डब्लिनचा संघ धरतात. आणि डिसेंबर 2012 मध्ये बेलफास्टच्या नगरपालिकेने ब्रिटिश झेंडा वर्षभर न लावता ठरावीक दिवशीच लावायचं ठरवलं, तर कित्येक आठवडे दंगली झाल्या. 1998 च्या गुड फ्रायडे करारात, उत्तरेतल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणावं, ब्रिटिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, हा त्याचा हक्क मान्य झाला. कागदावर 'दोन्ही' लिहिणं सोपं असतं. खांबावर झेंडा एकच मावतो.

सगळ्यात मोठी परीक्षा मात्र डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये झाली. हे गेलिक खेळांचं मैदान म्हणजे आयरिश राष्ट्रवादाचं माहेरघर. 21 नोव्हेंबर 1920 रोजी इथे सामना चालू असताना ब्रिटिश फौजेच्या लोकांनी गोळीबार केला आणि 14 जण मारले. मेलेल्यांत मायकेल होगन हा खेळाडू होता, तिथल्या एका स्टँडला आजही त्याचं नाव आहे. या मैदानात 'परदेशी' खेळांना बंदी होती. रग्बीच्या मैदानाची पुनर्बांधणी निघाली म्हणून ती उठवली गेली, आणि 24 फेब्रुवारी 2007 रोजी तिथे इंग्लंडचा रग्बी संघ आला. म्हणजे त्याच मैदानात 'गॉड सेव्ह द क्वीन' वाजणार. कित्येक आठवडे देशभर वाद. बाहेर थोडी निदर्शनंही झाली. गाणं सुरू झालं आणि ऐंशी हजारांचं स्टेडियम शांत उभं राहिलं. हुल्लड नाही, शिट्टी नाही. मग आपली दोन गाणी त्यांनी घसा फुटेस्तोवर म्हटली, आडदांड खेळाडू रडले, आणि इंग्लंडला 43-13 असं हरवलं. दुसऱ्याच्या गाण्याला शांत उभं राहण्याने आपलं गाणं लहान होत नाही, हे त्या दिवशी जितकं स्पष्ट दिसलं तितकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

या सगळ्याशी आपला एक धागा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. 1916 च्या एप्रिलमध्ये डब्लिनला उठाव झाला, त्याच महिन्यात बेळगावला टिळकांची होमरूल लीग उभी राहत होती, आणि 'होमरूल' हा शब्दच आयरिश राजकारणातून आलेला. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या घटनेवरून घेतली, हे शाळेत शिकवतात. पण 'जन गण मन'चं स्वरलेखन एका आयरिश बाईने केलं, हे किती जणांना ठाऊक आहे? मार्गारेट कझिन्स. रॉसकॉमन परगण्यातल्या प्रोटेस्टंट घरातली, बायकांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेलेली, 1915 मध्ये भारतात आली. 1919 साली मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल कॉलेजात टागोर उतरले होते, तिथे त्यांनी हे गीत म्हटलं आणि कझिन्सबाईंनी त्याची चाल कागदावर उतरवून घेतली. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन 1927 च्या जानेवारीत पुण्यात भरलं, त्यामागेही याच बाई. स्वतःच्या देशात ज्या समाजाला राष्ट्रगीताबाहेरचं मानलं गेलं, त्या समाजातल्या बाईचा हात आपल्या राष्ट्रगीताला लागलेला आहे. गाण्यांच्या मालकीवर हक्क सांगणाऱ्यांना हे ऐकवायला हवं.

आपण आयर्लंडकडून मार्गदर्शक तत्त्वं घेतली, गाण्याबाबतची ती सैल गाठ घेतली नाही. तरी आपल्याकडेही शहाणपणाचे क्षण आहेत. 1937 मध्ये काँग्रेसने टागोरांच्या सल्ल्याने 'वंदे मातरम्'ची पहिली दोनच कडवी सभांत म्हणायचं ठरवलं. 1986 मध्ये केरळमधल्या यहोवा विटनेस पंथाच्या तीन मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ती मुलं 'जन गण मन'ला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने काढून टाकली होती. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहणं पुरेसं आहे, असं आपल्याच न्यायालयाने सांगून ठेवलं आहे. हे मी आपल्या तरुण वाचकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण चौकात अडवून 'म्हणून दाखव' म्हणणाऱ्याला हा निकाल माहीत नसतो, आणि अडवला गेलेल्यालाही नसतो.

मात्र आयर्लंडचं कौतुक इथेच थांबवलं तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. दोन समाजांतलं भांडण कसंबसं निभावणाऱ्या या देशात आता तिसरा, चौथा, पाचवा समाज राहायला आला आहे. 'केड मीला फॉल्चा', शंभर हजार वेळा स्वागत, हे त्या देशाचं पर्यटकांसाठीचं ब्रीद. 2017 मध्ये लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावापर्यंत आनंद झाला. आपल्या वर्तमानपत्रांनी तर त्यांना मराठी माणूस करूनच टाकलं. 31 जुलै 2020 रोजी, कोरोनामुळे मोकळी जागा हवी म्हणून, क्रोक पार्कच्या हिरवळीवर सुमारे 200 मुसलमानांनी अंतर राखून बकरी ईदची नमाज पढली. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू समाजाचे प्रतिनिधीही त्या वेळी हजर होते. ज्या मैदानात गोळ्या चालल्या, ज्या मैदानात राणीचं गाणं शांतपणे ऐकलं गेलं, तिथेच.

आणि मग नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच शहरात स्थलांतरितांविरुद्ध दंगल झाली, बस आणि गाड्या जळल्या. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या उपनगरांत भारतीयांवर इतके हल्ले झाले, की भारतीय दूतावासाला सावध राहण्याची सूचना काढावी लागली. बाहेरच्यांना हाकला म्हणणाऱ्या मोर्चांत पुढे झेंडा असतो तो तिरंगाच, आणि तोंडी 'अवरान ना व्हीअन'. परक्या साम्राज्याविरुद्ध लिहिलेलं गाणं आता रात्रपाळी करून घरी येणाऱ्या नर्सला आणि टॅक्सीवाल्याला ऐकवलं जातं.

रग्बीच्या संघाने आठ वर्षांत तोड काढली, कारण त्यांना पुढचा सामना खेळायचा होता आणि संघातला सहकारी जखमी झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. नव्या आयरिश माणसांसाठी ती घाई अजून कुणाला झालेली दिसत नाही. बेटाच्या एकीकरणावर सार्वमत घ्यावं का, याची चर्चा तिथे आता उघडपणे चालते, आणि त्यात नवा झेंडा, नवं गाणं हे मुद्दे येतातच. पण त्या चर्चेत अजून हिरवा आणि नारिंगी हे दोघेच बोलतात. मारने 1848 साली पांढऱ्या पट्टीचा अर्थ सांगितला तेव्हा त्याच्यासमोर भांडणारे दोनच होते. आज त्या पट्टीखालून शाळेत जाणाऱ्या पोरांत कुणाच्या घरी मल्याळम बोलतात, कुणाच्या घरी उर्दू, कुणाच्या घरी पोलिश, आणि शाळेत मात्र सगळी मिळून ते न कळणारं आयरिश गाणं तोंडपाठ करतात, शेजारच्या आयरिश पोराला जितकं कळतं तितकंच कळून.